पीसी खोलताय? आधी पाच मिनिटं चालू ठेवा!

आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात तो खरं तर कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली बसलेली चौकोनी चिप. हा फरक मला एप्रिलमध्ये नीट कळला, कारण ती चिप चुकून हातातच आली!

एप्रिल-मे म्हणजे छत्रपती संभाजीनगरात चाळिशीचा पारा आणि खिडकीतून येणारी धूळ. माझा पीसी दहा मिनिटांत गरम होऊन बंद पडायला लागला. प्रोजेक्ट सबमिशन आठ दिवसांवर. म्हटलं, खोलून साफ करू. डेटा आधी पेनड्राइव्हवर घेतला, तेवढंच एक शहाणपण.

हीटसिंकचे स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. जुनी पेस्ट सिमेंटसारखी घट्ट झालेली. सॉकेटची कडी बंद असतानाच प्रोसेसर उपटून हीटसिंकसोबत वर आला. माझा प्रोसेसर एएमडीचा, एएम-४ सॉकेटचा. त्याच्या पोटालाच १३३१ पिना असतात. चार वाकल्या. (इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ आणून पिना सॉकेटात नेल्या, एएमडीने २०२२ मध्ये एएम-५ ला.) रूममेट नुसता बघत राहिला. शेवटी शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलच्या नळीने एकेक पिन सरळ केली, तासभर श्वास रोखून.

आता मी आधी पाच मिनिटं पीसी चालवतो, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून हीटसिंक हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचा, सुटला की मगच उचलायचा.

आणि नुसतं शटडाऊन म्हणजे वीज गेली असं नाही. केबल लागलेली असेल तर बोर्डावर ५ व्होल्ट स्टँडबाय चालूच असतो. केबल काढा आणि पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. काही जण म्हणतात केबल राहू द्या, अर्थिंग मिळतं. आपल्या भिंतीत अर्थिंग आहे की नुसतंच तिसरं भोक, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी बोलावं! त्यापेक्षा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला मधून मधून हात लावा. कोरड्या हवेत अंगावर स्टॅटिक चार्ज साठतो. आपल्याला चटका साधारण ३००० व्होल्टला जाणवतो, चिप त्याच्या कितीतरी आधी जाते. म्हणून पलंगावरच्या सिंथेटिक ब्लँकेटवर हे काम नको.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचाच नाही. आतला कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो आणि केबल काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो.

जोडणी सोपी होती, प्रत्येक वायरचा आधी मोबाइलवर फोटो काढला होता. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी. स्क्रू मोजले तर एक कमी! कॅबिनेट आडवा-तिडवा केला, खडखड आवाज आला. मदरबोर्डाखाली होता, तसाच चालू केला असता तर शॉर्ट. तो काढला, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. पुन्हा फोटो पाहिले. प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची वायर लावायची राहिली होती. ती खोचली आणि पहाटे सव्वातीनला स्क्रीन उजळली.