टेनिसचे शिक्षण आणि प्रत्याभरण

कोणतेही कौशल्य सरावाने येते असे आपण म्हणतो. हे विधान अर्धेच खरे आहे. चुकीचा सराव केला तर चूकच पक्की होते. प्रयत्नाचे फळ काय झाले ही माहिती खेळाडूकडे परत आली, तरच सराव सार्थकी लागतो. या माहितीला शिक्षणशास्त्रात ‘प्रत्याभरण’ म्हणतात.

१९३२ साली ट्रोब्रिज व केसन या संशोधकांनी काही व्यक्तींचे डोळे बांधून त्यांना तीन इंचांची रेघ ओढण्यास सांगितले. एका गटाला निकाल सांगितलाच नाही. दुसऱ्याला निरर्थक अक्षरे ऐकवली. तिसऱ्याला फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगितले, तर चौथ्याला रेघ किती कमी वा जास्त झाली हे मापून सांगितले. पहिले दोन गट सुधारले नाहीत; तिसरा काहीसा सुधारला; चौथा सर्वांत पुढे गेला. म्हणजे नुसते ‘शाब्बास’ किंवा ‘छे, चुकलास’ पुरेसे नाही.

टेनिसमधील सर्व्हिसचे उदाहरण घेऊ. मध्यभागी तीन फूट उंच असलेल्या जाळीवरून चेंडू २१ फूट लांब व साडेतेरा फूट रुंद चौकटीत पडावा लागतो. येथे प्रत्याभरण दोन प्रकारचे असते. ‘चेंडू एक हात लांब पडला’ हे निकालाचे ज्ञान. ‘चेंडू फार पुढे उडवलास, म्हणून तो जाळीत गेला’ हे कृतीचे ज्ञान. पहिले कोणताही मित्र देऊ शकतो. दुसऱ्यासाठी जाणकार डोळा लागतो.

मग सतत सांगत राहावे काय? नाही. १९९० साली विन्स्टीन व श्मिट यांनी दाखविले की, ज्यांना निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगितला, त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत प्रत्येक वेळी निकाल ऐकणाऱ्यांपेक्षा सरस कामगिरी केली. सतत आधार मिळाला की खेळाडू स्वतःच्या हाताची जाणीव विसरतो. आणि सामन्यात तर शेजारी सांगणारा कोणी नसतो.

मोठ्या स्पर्धांत आता यंत्र निर्णय देते; २०२५ पासून विम्बल्डनमध्येही रेषापंच उरले नाहीत. जोयडा तालुक्यातील विद्यार्थ्याला असे यंत्र कोठून मिळणार? पण त्यावाचून अडतही नाही. पावसाळा सरला की मैदानावर चुन्याने चौकट आखावी. एकाने दहा सर्व्हिस कराव्यात, दुसऱ्याने वहीत ‘जाळी’, ‘लांब’, ‘बाहेर’, ‘आत’ अशी नोंद करावी. निकाल सांगण्यापूर्वी ‘कोठे पडला असे वाटते?’ हे विचारावे. एका वेळी एकच दोष सांगावा. पुढील आठवड्यात काहीही न सांगता पुन्हा दहा चेंडूंची चाचणी घ्यावी. त्या दिवशीचा आकडा हीच खरी प्रगती. व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसलाही हीच रीत लागू पडते.

प्रशिक्षक नाही म्हणून आपल्या भागातील अनेक मुले खेळ अर्ध्यावर सोडतात. वही आणि प्रामाणिक मित्र ही त्यावरील पहिली सोय आहे. अध्यापकांनीही विचार करावा: नुसते गुण टाकून परत दिलेली उत्तरपत्रिका ही ‘बरोबर-चूक’ गटाचीच पद्धत नव्हे काय? कोठे चुकले आणि किती, हे समासात दोन ओळींत लिहिले, तर तोच विद्यार्थी पुढची पायरी स्वतः चढेल.