मागच्या फळीतल्या भाच्यास

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज वाचला. अकादमीतल्या कोचनी तुला मिडफिल्डमधून काढून स्टॉपरला उभं केलं आणि तू विचारतोस, ‘मामा, मागं खेळून करिअर होतं का?’ मेसेजमध्ये उत्तर मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

होतं. फक्त त्याचं वेळापत्रक वेगळं असतं. फॉरवर्डचं नाव सतराव्या वर्षी पेपरात येऊ शकतं. बचावपटू उशिरा पिकतो आणि पिकला की बरीच वर्षं टिकतो. एवढं ध्यानात ठेवलंस तर आज काय शिकायचं, शरीर कसं राखायचं आणि सही कशावर करायची, हे तुझं तुलाच उमगत जाईल.

आपल्याच महाराष्ट्रात खेळून गेलेल्या माणसांकडे बघ. केरळातल्या कोंडोट्टीचा अनस एडथोडिका २००७ मध्ये मुंबई एफसीत आला, पुढं पुणे एफसीकडे गेला. भारताकडून पहिला सामना त्याला मिळाला मार्च २०१७ मध्ये, कंबोडियाविरुद्ध. तेव्हा तो तिशीत होता. मुंबईचा राहुल भेके अठ्ठावीस वर्षांचा असताना २०१९ ची इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल मुंबईतच झाली. एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत कॉर्नरवर हेडर मारून त्यानं आपल्या बेंगळुरू संघाला १-० असं जिंकून दिलं. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी गोल पुन्हा भेकेच्या डोक्यातून. या दोघांनी विशीत धीर सोडला असता तर यातलं काहीच घडलं नसतं.

उंचीची काळजी तुझ्या आईनं माझ्या कानावर घातली आहे. इटलीचा फाबियो कॅनावारो जेमतेम पावणेसहा फुटांचा. २००६ च्या विश्वचषकात तो कर्णधार होता, वय बत्तीस. सात सामन्यांत इटलीवर दोनच गोल झाले. एक स्वयंगोल, दुसरी पेनल्टी. त्या वर्षीचा बॅलन डिओर पुरस्कार त्याला मिळाला. त्यानंतर आजवर एकाही बचावपटूला तो मिळालेला नाही. उडी कधी घ्यायची हे कळलेला माणूस हातभर उंच फॉरवर्डलाही पुरून उरतो. ते कळायला मात्र शेकडो सामने लागतात.

आता शिकायचं काय ते सांगतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर घसरून केलेल्या टॅकलला किती शिट्ट्या पडतात ते तू लहानपणापासून ऐकतोयस. त्या शिट्ट्यांवर भाळू नकोस. बऱ्याच वेळा घसरावं लागतं ते आधी जागा चुकलेली असते म्हणून. बॉल लांब असतानाच मान वळवून मागं कोण आहे ते बघ. अंग अर्धं वळतं ठेव, म्हणजे दोन्हीकडं पळता येईल. समोरचा बॉल घेऊन आला की लगेच पाय घालू नकोस. त्याला बाहेरच्या बाजूला नेत रोखून धर, तोवर तुझी माणसं परत येतात. आणि तोंड बंद ठेवून स्टॉपर खेळता येत नाही. ‘मागं माणूस’, ‘वर चला’, ‘सोड त्याला’ हे ओरडणं ज्यानं अंगी बाणवलं, तो फुलबॅककडूनही चांगला खेळ काढून घेतो.

मागची फळी ही चौघांची एक रेघ असते. एसी मिलाननं १९९३-९४ चा इटालियन लीगचा किताब जिंकला तेव्हा ३४ सामन्यांत केले होते फक्त ३६ गोल, पण खाल्ले होते अवघे १५. तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता आणि मालदिनी एकमेकांच्या पावलाला पाऊल लावून पुढं-मागं सरकायचे. त्याच वर्षी बार्सिलोनाविरुद्धच्या युरोपीय फायनलला बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही निलंबित होते, तरी मिलान ४-० नं जिंकलं. म्हणून शेजाऱ्याचा खेळ स्वतःच्या खेळाइतकाच ओळखून ठेव.

मिडफिल्डची तुझी वर्षं वाया गेली असं समजू नकोस. १९९२ मध्ये आपल्याच माणसानं पायानं दिलेला पास कीपरला हातात घेण्याची मनाई झाली. २०१९ पासून गोलकिकचा बॉल आपल्या खेळाडूला पेनल्टी क्षेत्राच्या आतही घेता येतो. त्यामुळे हल्ल्याची सुरुवात आता स्टॉपरच्या पायातून होते. दबावाखाली शांतपणे पास देणारा बॅक कोचना हवा असतो, आणि तुझ्या कोचनी तुला मागं आणलं ते बहुधा याच हिशेबानं. डावा पाय मात्र अजून कच्चा आहे. रोज भिंतीवर घटव.

चुका होतील. फॉरवर्डनं सोपी संधी घालवली तर पुढच्या गोलात ती भरून निघते; तुझी चूक गोलफलकावर राहते. चुकल्यावर पुढची पाच मिनिटं सोपं खेळ आणि भरपाईसाठी पुढं धावत सुटू नकोस. सामन्यानंतर व्हिडिओ बघताना तेवढी चूक तपासून वहीत लिही. मित्रांच्या ग्रुपवर त्याची सफाई देत बसू नकोस.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या आरोग्याच्या नोंदी तपासल्या. २०२१ मध्ये त्यांनी मांडलं की मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका बचावपटूंमध्ये सगळ्यात जास्त, सर्वसामान्यांच्या सुमारे पाचपट होता. इंग्लंडमध्ये त्याच वर्षापासून सरावात जोरकस हेडर आठवड्याला १० पेक्षा जास्त मारू नयेत अशी सूचना आहे. हेडिंगचं तंत्र हलक्या बॉलवर, हातानं टाकून शिक. डोक्याला मार बसून गरगरलं तर मैदानाबाहेर ये, कोण काय म्हणेल याची फिकीर करू नकोस. पस्तिशीपर्यंत खेळायचं असेल आणि त्यानंतरही शहाणं जगायचं असेल तर याला पर्याय नाही.

राहिला पैशाचा भाग. उशिरा पिकणाऱ्याची कमाईही उशिरा येते, आणि आपल्याकडं तिचा भरवसा कमी. २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातल्या कराराचा तिढा सुटेना, म्हणून आयएसएलचा नवा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. नावाजलेली पोरं घरी बसली. तेव्हा बारावी सोडायची नाही. कॉलेजला जाणं जमत नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बस, पण बस.

करार पुढ्यात आला की पगाराच्या आकड्याआधी तीन कलमं वाच: दुखापत झाली तर उपचार कोण करणार, त्या काळात पगार चालू राहणार का, आणि क्लब बदलायचा झाल्यास सुटका कशी. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला फिफाच्या नियमानं तीन वर्षांपेक्षा मोठा करार करता येत नाही. कोणी पाच वर्षांचा कागद पुढं केला तर तिथूनच परत फिर. पहिल्या क्लबात बाकावर बसवणार असतील, तर दरमहा चार पैसे कमी देणारा पण दर आठवड्याला खेळवणारा क्लब निवड. तुझ्या जागेवर सामने हीच खरी पुंजी आहे.

कागद हातात आला की सही करण्यापूर्वी त्याचे फोटो मला पाठव. इथल्या ओळखीच्या वकिलाला दाखवून दोन दिवसांत कळवतो. ताईला नमस्कार सांग, आणि उंचीवरून आता तिनं जीव जाळू नये म्हणावं.

तुझा,
मामा