आपोआप निसटणारा प्रथिनाचा तुकडा

मळणी झाली म्हणजे शेतकऱ्याचें काम संपलें असें होत नाहीं. उफणून धान्य भुसापासून वेगळें होईपर्यंत त्यास बाजारांत मोल नाहीं. औषधी प्रथिनें करणारांचीही तीच स्थिति आहे. सूक्ष्म जंतूंच्या अंगीं हवें तें प्रथिन वाढवितां येतें. पण जंतूंचीं स्वतःचीं हजारों प्रथिनें त्यांत मिसळलेलीं असतात, व तीं निवडून काढण्यांत मोठा खर्च होतो.

मधुमेहावरील इन्सुलिन हें असेंच प्रथिन. ज्या वोखार्ट कंपनीचे कारखाने आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथें आहेत, तिनें यीस्टकडून वाढविलेलें इन्सुलिन २००३ सालीं बाजारांत आणलें. शरीरांत इन्सुलिनचा धागा प्रथम लांब असतो, व त्याचा मधला भाग दुसरें पाचक द्रव्य कापून काढतें. कारखान्याच्या पुष्कळ पद्धतींतही असा विळा बाहेरून घालावा लागतो, आणि मागाहून तो विळाही मालांतून वेंचून काढावा लागतो.

विळा धाग्याच्याच अंगांत असला तर? १९९० सालीं जपान व अमेरिका येथील संशोधकांना पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्यें तसेंच आढळलें. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. एका माळेंतील ४५४ मण्यांचा मधला तुकडा दोन्हीं बाजूंनीं आपण होऊन सुटतो व मागें राहिलेलीं टोकें एकमेकांस सांधून देतो. बाहेरचें पाचक द्रव्य लागत नाहीं. अशा तुकड्यास इंटीन म्हणतात.

अमेरिकेंतील न्यू इंग्लंड बायोलॅब्स या संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं त्याचा शुद्धीकरणाकडे केलेला उपयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं इंटीनमध्यें असा बदल केला कीं तें एकाच बाजूनें सुटावें. त्याच्या एका अंगास हवें तें प्रथिन व दुसऱ्या अंगास कायटिनला चिकटणारा अंश जोडला. कायटिन म्हणजे खेंकड्यांच्या व किड्यांच्या कवचांतील द्रव्य. त्याचे मणी नळींत भरून जंतूंचा रस वरून ओततात. जोडलेलें प्रथिन मण्यांना धरून राहतें व बाकीचें धुऊन जातें. नंतर गंधकयुक्त द्रव्य घालून नळी रात्रभर थंड ठेविली म्हणजे हवें तें प्रथिन सुटून खालीं येतें. इंटीन मात्र मण्यांवरच राहतें. धान्य खालीं, आणि विळा भुसाबरोबर!

यांत तोटेही आहेत. प्रथिन लहान असल्यास जंतूचें बरेंचसें पोषण इंटीन घडविण्यांतच जातें. पळाटी दांडगी व कापूस मूठभर, तशांतला प्रकार. कधीं इंटीन वेळेपूर्वींच सुटतें. शिवाय इन्सुलिनसारख्या ज्या प्रथिनांचा आकार गंधकाच्या गांठींनीं धरलेला असतो, त्यांच्या गांठी या गंधकयुक्त द्रव्यानेंच सैल होतात.

जोडकामांतही इंटीन उपयोगी पडतें. रसायनशाळेंत हातानें ओवलेली माळ सुमारें पन्नास मण्यांपलीकडे नेणें कठीण होतें. १९९८ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत टॉम म्यूर व त्यांचे सहकारी यांनीं इंटीनच्या साहाय्यानें जंतूंकडून वाढविलेल्या प्रथिनाचें टोंक जोडणीस तयार ठेवून त्यास हातानें केलेला तुकडा सांधला. त्याच वर्षीं एका निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांत दोन भागांत विभागलेलें इंटीन आढळलें. तें दोन निरनिराळ्या प्रथिनांचे अर्धे एकत्र जोडतें.

शेतकऱ्याचा संबंध येतो तो येथें. २०१४ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं गव्हावरील प्रयोग प्रसिद्ध केला. पराग निकामी करणाऱ्या प्रथिनाचे दोन अर्धे त्यांनीं जोडीच्या दोन गुणसूत्रांवर समोरासमोर ठेविले. दोन्हीं अर्धे एका रोपांत आले म्हणजे इंटीन ते सांधतें व रोप नर-वंध्य होतें; मग फुलांतील पुंकेसर हातानें खुडावे लागत नाहींत. संकरित दाण्यास मात्र एकच अर्धा मिळतो, म्हणून त्याचें पीक नीट दाणा धरतें.

असें बियाणें उद्यां आपल्या दारीं आलें, तर केवळ नवलानें तें घेऊं नये. मजुरी वांचली ती किंमतींत उतरली कीं नाहीं, हें विचारावें. संकरित वाणाचें घरीं राखलेलें बीं पुढें फुटतें, हें कापसावरून आपणांस ठाऊक आहेच. इंटीननें तो नियम बदलत नाहीं. विळा कोठें गेला हें शास्त्रज्ञानें पाहावें. धान्य किती पदरांत पडलें हें आपणच मोजलें पाहिजे.