जांघेतली खाज, नाजूक जागेची आग

या अंकातील आरोग्यपाठ मंडळीत मोठ्याने वाचला जाणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. तरी तो छापतो आहोत. पाड्यांवर आरोग्याचे काम करणाऱ्या कोणत्याही ताईला विचारा. ताप, जुलाब, खोकला याविषयी लोक अंगणात बसून मोकळेपणी बोलतात. पण ‘खाली आग होते’ हे शब्द निघतात ते सगळे बोलून झाल्यावर, निघता निघता दारात. पुरुष तेवढेही सांगत नाहीत. बाजाराच्या दिवशी मेडिकल दुकानातून एक ट्यूब येते आणि मग ती घरभर फिरते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या मात्र केवळ ८ टक्के होत्या. त्यातले सगळे आजार त्वचेचे नव्हते. पण न सांगता सोसण्याची सवय किती खोल आहे, हे त्या ८ च्या आकड्यावरून कळते. आणि ही सवय फक्त पाड्यावरची नाही. आपल्या घरातल्या आईला, मावशीला विचारून पाहा.

धुण्याने वाढणारी खाज

बाह्य जननेंद्रियाची त्वचा पातळ असते, झाकलेली असते, घामाने ओलसर राहते. योनीचा आतला भाग स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवतो. तेथे उपयोगी जिवाणू असतात, ते सौम्य आम्लता राखतात आणि त्यामुळे अपायकारक जंतूंना थारा मिळत नाही. साबण याच्या उलट, अल्कधर्मी असतो. खाज सुटली की बाई जास्त धुते, साबण लावते, काही जणी जंतुनाशक द्राव पाण्यात घालतात. त्वचेवरचे नैसर्गिक तेल निघून जाते, ती कोरडी पडते, चिरते आणि खाज आणखी वाढते. जेथे कपड्याच्या साबणानेच अंघोळ होते, तेथे हे फार लवकर घडते. लिंबाचा रस, मिठाचे पाणी, झाडपाल्याचा तिखट लेप हे तर चिरलेल्या त्वचेवर मुळीच नको.

बाहेरचा भाग दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुवावा, आत पाणी मारू नये, आणि धुतल्यावर न घासता टिपून कोरडा करावा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच आठवड्याभरात आग कमी होते. नुसता कोरडेपणा असेल तर बाहेरून स्वच्छ खोबरेल तेलाचा पातळ हात पुरतो.

ओल्या कपड्यांचेही तसेच. भाताच्या लावणीत बाया दिवसभर चिखलपाण्यात वाकलेल्या असतात, मांड्या काचतात, ओले लुगडे अंगावरच वाळते. आतले कपडे आणि पाळीच्या घड्या कोणाला दिसू नयेत म्हणून साडीखाली किंवा घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतात. ते दमटच राहतात आणि दुसऱ्या दिवशी तसेच वापरले जातात. आमच्या मते औषधाआधी बदलायची गोष्ट ही आहे.

गजकर्ण आणि ती ट्यूब

जांघेत गोल चट्टा, कडा उंचावलेली व लाल, मधला भाग थोडा मोकळा, आणि चट्टा हळूहळू कुल्ल्यांकडे, कमरेकडे सरकतो. हे गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग. करदोड्याखाली ते हमखास दडते, कारण दोरा कधी वाळतच नाही. एकच पंचा सगळे वापरत असतील तर सगळ्यांना होते.

दुकानातून न विचारता मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉईड असे तिन्ही मिसळलेले असते. स्टेरॉईडने लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. बुरशी मात्र मरत नाही, उलट मोकाट पसरते. मलम थांबवले की चट्टा पहिल्याहून मोठा होऊन येतो. मग पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांत जांघेची त्वचा कागदासारखी पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे वळ उमटतात. ते वळ पुढे कायम राहतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉईड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत घातले. कागदावर तसे आहे, दुकानात काय चालते ते आपण पाहतोच.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला शिकवणे हे आपल्या स्वयंसेवकांचे काम आहे. येथे एक घोटाळा नेहमी होतो. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासोल ही नावे कानाला सारखी लागतात. पहिले बुरशीचे औषध आहे, दुसरे तीव्र स्टेरॉईड. बेटामेथासोन हेही स्टेरॉईडच. ज्या मलमात ही नावे दिसतील ते गजकर्णावर लावू नये.

बुरशीचे मलम चट्ट्यावर आणि कडेपासून दोन बोटे बाहेरपर्यंत लावावे, आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे. बहुतेक जण खाज थांबताच सोडतात. अलीकडे गजकर्ण पूर्वीपेक्षा चिवट झाले आहे. भारतात फार पसरलेल्या एका बुरशीला २०२० साली स्वतंत्र नाव मिळाले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नेहमीच्या टर्बिनाफाईन या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून महिनाभरात फरक न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. घरात ज्यांना ज्यांना चट्टा आहे त्या सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हावा, नाहीतर तो घरातल्या घरात फिरत राहतो.

रात्रीची खाज

खाज रात्री अंथरुणात वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती आणि जननेंद्रियावर बारीक पुळ्या असतील, आणि घरातली दोघे-चौघे खाजवत असतील, तर ती खरूज समजावी. ती एका अतिसूक्ष्म किडीमुळे होते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे न खाजवणारा मुलगाही ती दुसऱ्याला देत असतो. वसतिगृहात ती का हटत नाही, याचे उत्तर येथे आहे. पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखाली आणि जांघेतही, रात्री लावून सकाळी धुवावे, आठवड्याने पुन्हा. सगळ्यांनी त्याच रात्री. कपडे व पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालावीत. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवावे. माणसाच्या अंगाबाहेर ही कीड त्याहून जास्त जगत नाही. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहू शकते. म्हणून मलमाचा मारा करू नये.

लहान मुलगी रात्री गुदद्वाराजवळ खाजवत असेल तर बहुधा सुतासारखे बारीक जंत असतात, आणि जंताच्या गोळीने ते जातात. पण मुलाला किंवा मुलीला त्या जागी जखम, रक्त किंवा स्राव असेल, किंवा मूल स्पर्शालाही घाबरत असेल, तर मलम देऊन घरी पाठवू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा

याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. पाळी थांबते तशी शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते. योनीची त्वचा पातळ व कोरडी होते, चालताना चुरचुरते, लघवीला आग होते, वारंवार जावे लागते, आणि पतीसोबतच्या संबंधात दुखते. बाई टाळू लागते, नवरा रुसतो, आणि दोघांनाही कारण माहीत नसते. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली असतील तर हे तरुण वयातच आणि एकदम सुरू होते. अंगावर पाजणाऱ्या आईलाही काही महिने असा कोरडेपणा जाणवतो. तो आपोआप जातो.

वय झाले म्हणून सोसावे, असे यात काही नाही. संबंधाच्या वेळी पाण्यासारखे निसरडे जेल वापरता येते. (निरोध वापरत असाल तर तेल नको, त्याने रबर फाटते.) त्याने भागले नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ इस्ट्रोजेनचे अगदी कमी मात्रेचे मलम योनीत लावायला देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगावे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी करावीच.

बाहेरच्या भागावर पांढरे, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखे चट्टे आणि असह्य खाज असेल तर तो आणखी वेगळा आजार आहे, लायकेन स्क्लेरोसस. पांढरे दिसल्यामुळे लोक त्याला कोड समजतात आणि बाई घाबरून लपवते. उपचाराविना त्वचा आक्रसते, तोंड अरुंद होते, क्वचित कर्करोगही होतो. यावर मात्र तेच तीव्र स्टेरॉईड मलम, क्लोबेटासोल, हेच योग्य औषध आहे, डॉक्टरांनी पाहून दिलेले आणि त्यांच्या देखरेखीखाली लावलेले. जे औषध एका चट्ट्यावर घात करते तेच दुसऱ्यावर त्वचा वाचवते. जागा दाखवल्याशिवाय हा फरक कोणालाही सांगता येणार नाही.

दह्यासारखा पांढरा स्राव आणि लालबुंद त्वचा, किंवा पुरुषाच्या अग्रत्वचेखाली पांढरा थर आणि चिरा, असे वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासा. पुष्कळांचा मधुमेह असाच उघडकीस येतो. फोड, व्रण, दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात. तेथे नवरा-बायको दोघांनी जावे. कोणामुळे झाले हा वाद घरी घालत बसल्यास उपचार तेवढा लांबतो.

शेवटी पार्सलांविषयी. अर्धी वापरलेली मलमे प्रेमाने पाठवली जातात. ती कृपया पाठवू नका. प्रत्येक मुलाला स्वतःचा पंचा, सुती आतले कपडे, बिनवासाचा साधा साबण, आणि कपडे वाळत घालायला दोरी व चिमटे पाठवा. दोरी उन्हात बांधावी, आणि मुलींच्या बाजूला वाऱ्याला न अडवणारा साधा ताटव्याचा आडोसा असावा, म्हणजे त्या कपडे साडीखाली लपवणार नाहीत.