डिझेलवरील पिकअप गाडी: खरेदीपूर्वीं भरंवशाची पारख

बैल घ्यावयाचा असला म्हणजे आपण त्याचे दांत मोजतों, खूर उचलून पाहतों, चार पावलें चालवून पाहतों, आणि विकणाराच्या शपथेवर फारसें विसंबत नाहीं. परंतु बैलजोडीहून कितीतरी पट किंमतीची पिकअप गाडी घेतांना मात्र शेजाऱ्यानें कोणती घेतली व हप्ता किती बसतो, एवढ्याच चौकशीवर पुष्कळ बंधु सही करून मोकळे होतात. गाडी भरंवशाची आहे कीं नाहीं, हा प्रश्न मग घाटांत उभा राहतो.

आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारांची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यांची सीताफळाची बाग बीड तालुक्यांत आहे. सीताफळाचे डोळे उघडले कीं तोड करावी लागते, व तोडलेलें फळ तीन-चार दिवसांत मऊ पडतें; म्हणून या मालास वाहन म्हणजे पिकाचाच एक भाग होय. बीडच्या सीताफळास २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें खरें, पण मानांकनानें फळ टिकत नाहीं. रात्रीं माल भरून यांची गाडी पुण्यास निघाली आणि मांजरसुंब्याच्या घाटांत तिची ओढ गेली. इंजीन चालू होतें, परंतु चढ घेईना. दुसरी गाडी आणवून क्रेट चढवीपर्यंत उजाडलें, त्या दिवसाचा बाजार हुकला, व दुसऱ्या दिवशीं फळ गर काढणाऱ्यास मिळेल त्या भावानें द्यावें लागलें. गाडी नवीच होती. चालकापुढील फळीवर फिल्टरचा दिवा पंधरा दिवस जळत होता; नव्या गाड्यांत असे दिवे लागतातच, असें म्हणून त्यानें तो सोडून दिला होता.

हा दिवा कसला, हें समजून घेतल्याशिवाय आजची डिझेल गाडी घेऊं नये. ता. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांस भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. तेव्हांपासून डिझेल गाडीच्या धुराच्या नळींत काजळी धरून ठेवणारा फिल्टर बहुधा असतो. सांचलेली काजळी गाडी आपणच जाळून टाकते, परंतु त्यासाठीं फिल्टर सुमारें ६०० अंश सेल्सिअस तापावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटें एका वेगानें गाडी चालली म्हणजे हें काम चालकाच्या नकळत होऊन जातें. वस्तीपासून डेअरीपर्यंत चार किलोमीटर, तेथें इंजीन चालू ठेवून गप्पा, आणि परत घर, अशा चालीनें मात्र तो कधींच पुरता तापत नाहीं. काजळी वाढते, दिवा लागतो, आणि त्याकडेही दुर्लक्ष झालें तर इंजिनास इजा होऊं नये म्हणून गाडीची यंत्रणाच त्याची शक्ति तोडते. घाटांत झालें तें हेंच.

म्हणून ज्यांच्या फेऱ्या रोजच्या व आंखूड आहेत त्यांनीं डिझेलचा हट्ट धरूं नये. पेट्रोलवरील, किंवा पंप जवळ असल्यास सीएनजीवरील, लहान गाडी त्यांस अधिक सुखाची. ज्यांचा कांदा वा फळ अहिल्यानगर-पुण्यास जातें त्यांस डिझेल योग्यच. दिवा लागतांच धुळें-सोलापूर महामार्गावर अर्धा तास गाडी एकसारखी चालवावी, व तरीही तो न विझल्यास कारखान्यांत न्यावी.

कांहीं गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठीं युरियाचें द्रावण वेगळ्या टाकींत भरावें लागतें. येथें आपणां शेतकऱ्यांस मोह होतो. घरांत युरियाची गोणी आहेच, घ्यावी पाण्यांत कालवून! तसें मुळींच करूं नये. गाडीचें द्रावण शुद्ध युरियाचें व बरोबर ३२.५ टक्क्यांचें असतें. शेतांतील युरियास २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप व इतर अशुद्ध द्रव्यें मिळून फवारणीची तोटी आणि पुढील महागडें यंत्र बाद करितात.

विहिरीवरील जुन्या ऑइल इंजिनाशीं आपली पिढ्यांची ओळख. थोडें पाणी मिसळलेलें डिझेलही तें खोकत खोकत पचवी. नव्या इंजिनांत डिझेल १६०० बार व त्याहूनही अधिक दाबानें इंजेक्टरांतून फवारलें जातें, आणि आंतील भागांमधील फट केसाहून कितीतरी बारीक असते. अर्धवट भरलेल्या ड्रममध्यें महिनोन् महिने ठेवलेल्या डिझेलांत हवेंतील दमटपणाचें पाणी होऊन तळाशीं बसतें. तेंच नळीनें ओढून गाडींत घातलें तर इंजेक्टर गंजतात, व चारी बदलण्याचा खर्च ऐकून माणूस मटकन् खालीं बसतो. डिझेल खपाच्या पंपावरच भरावें. फिल्टरमधील पाणी सोडण्याचा स्क्रू कोठें आहे, तें गाडी ताब्यांत घेतांनाच विचारून घ्यावें. रेडिएटरमध्यें बोअरचें जड पाणी ओतण्याची संवयही सोडावी. त्यांतील क्षार नळ्यांत धरतात आणि वैशाखांत इंजीन उकळतें.

गाडीच्या नांवाविषयीं वाद घालणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मतें त्याहून मोठी कसोटी निराळीच आहे. विक्रेत्यास न विचारतां आपल्या गांवाजवळच्या, म्हणजे केज, गेवराई किंवा आष्टी येथील कारागिरास विचारावें, कीं कोणत्या गाडीचे भाग तूं दुकानांत ठेवतोस, आणि दोष वाचण्याचें यंत्र तुजपाशीं कोणत्या गाडीचें आहे? ज्या गाडीचा साधा सेन्सर छत्रपति संभाजीनगराहून मागवावा लागतो, ती कितीही उत्तम असली तरी हंगामांत आपल्या कामाची नव्हे.

जुनी गाडी घेतांना ती भल्या पहाटे पाहावी. बोनेटवर हात ठेवावा. तें कोमट लागलें तर इंजीन आपण येण्यापूर्वींच तापवून ठेविलें आहे असें समजावें. थंड इंजीन लगेच सुरू झालें पाहिजे. निळा धूर म्हणजे तेल जळतें, दाट पांढरा धूर थांबेना तर इंजेक्टर अथवा इंजिनांत शिरणारें पाणी. फिल्टर असलेल्या गाडींत मात्र धूर सहसा दिसतच नाहीं. तेथें धुराच्या नळींत बोट फिरवून पाहावें. काळी काजळी निघाली तर फिल्टर फुटला आहे वा कोणी काढून टाकला आहे. मागील पाट्यांत जादा पाटे घातलेले असले, किंवा चासीवर वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर त्या गाडीनें ठरल्यापेक्षां फार ओझें वाहिलें आहे. मर्यादेबाहेर ओझ्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये व वर दर जादा टनास २,००० रुपये असा आहे. पण गाडीचें जें मोडतें तें त्याहून महाग पडतें. मीटरचा आंकडा परत फिरवितां येतो, म्हणून तो क्लचच्या पायपट्टीच्या झिजेशीं ताडून पाहावा.

कागदांत फिटनेस आधीं पाहावा. मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत तो दर दोन वर्षांनीं व पुढें दरसाल घ्यावा लागतो. नंतर बँकेचा बोजा. बोजा असल्यास फॉर्म ३५ व बँकेचा ना-हरकत दाखला हातीं आल्याखेरीज, आणि बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयांत गाडी आपल्या नांवें चढल्याखेरीज, शेवटची रक्कम देऊं नये.