पदवी आणि हातातील कसब

शालान्त परीक्षेचा निकाल लागल्यानंतरचे काही दिवस अनेक भारतीय कुटुंबांत विवंचनेत जातात. मूल उत्तीर्ण झालेले असते. परंतु पुढे काय करावे, याचे उत्तर गुणपत्रिकेत सापडत नाही. त्याला महाविद्यालयात पाठवावे, की एखाद्या व्यवसायाचे शिक्षण द्यावे? घरात कमावते माणूस एकच असेल आणि धाकटी भावंडे अजून शाळेत असतील, तर चुकलेल्या निर्णयाची भरपाई करणे त्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणूनच अशा वेळी सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांवर, शिक्षकांवर व शेजाऱ्यांवर मोठी जबाबदारी येऊन पडते.

पदवीची ओढ

कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. त्या काळापासून पदवी म्हणजे सरकारी कचेरीतील जागा, दरमहा ठराविक वेतन व म्हातारपणी निवृत्तिवेतन, असे समीकरण लोकांच्या मनात रुजत गेले. विणकर, लोहार, गवंडी किंवा सुतार यांचे ज्ञान मात्र घरात अथवा उस्तादाच्या हाताखाली मिळत असे. त्याची परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते. अशा रीतीने कागद एका बाजूला व कसब दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी झाली.

ही फाळणी मिटविण्याचे प्रयत्न झाले. १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची योजना तयार केली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा समावेश करण्याची शिफारस केली. तरीही हाताचे काम हे अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी असते, हा समज गेला नाही.

मद्रासचा धडा

या समजाला केवळ प्रतिष्ठेचा मोह म्हणणे अन्यायाचे होईल. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक सुधारित योजना लागू केली. तीनुसार मुलांनी दिवसाचा काही भाग शाळेत घालवावा व उरलेल्या वेळात घरी आईवडिलांचा धंदा शिकावा, अशी अपेक्षा होती. शाळा कमी आणि मुले फार, ही अडचण त्यामुळे सुटेल असे योजनाकर्त्यांना वाटत होते. परंतु ज्या समाजात धंदा जन्माने ठरत आला होता, तेथे या योजनेचा अर्थ कुंभाराच्या मुलाने कुंभार व्हावे आणि सफाई करणाऱ्याच्या मुलाने सफाईच करावी, असाच घेतला गेला. विरोध तीव्र झाला. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना मागे घेण्यात आली.

या घटनेतून सल्ला देणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. एकच कसब निवडणाऱ्यासाठी उपजीविकेचे साधन ठरते, तर ज्याच्यावर ते लादले जाते त्याच्यासाठी बेडी ठरते. ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मर्जीने काम करावे लागले, तेथे पहिला पदवीधर ही मुक्ततेची खूण असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले, त्यामागे हीच जाणीव होती. स्वतःच्या मुलांना महाविद्यालयात धाडून दुसऱ्याच्या मुलाला हत्यार हाती घेण्याचा उपदेश करणाऱ्याने प्रथम स्वतःच्या मनाची तपासणी करावी.

आकडे काय सांगतात

दुसऱ्या बाजूने, पदवी मिळाली की पोटापाण्याची चिंता मिटते, ही समजूतही आज टिकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगारविषयक अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते.

हे आकडे वाचताना सावधगिरी हवी. निरक्षर मजुराला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर तो करतो व त्यामुळे बेकारांच्या गणनेत येत नाही. पदवीधर योग्य नोकरीची वाट पाहत राहतो. शिवाय नोकरी लागलेल्या पदवीधराची सरासरी मिळकत अशिक्षित मजुरापेक्षा अधिक असते. तेव्हा शिक्षण व्यर्थ आहे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. पदवी कोणत्या विषयाची, कोणत्या महाविद्यालयातील, आणि ती घेताना विद्यार्थी खरोखर काय शिकला, हे पाहिल्यावाचून तिचे मोल ठरविता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

व्यवसायशिक्षणाचा मार्ग

कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. तिच्या अंतर्गत औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले आयटीआय, देशभर उभे राहिले. जोडारी, कातारी व वीजतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता व नळ कारागीर हे एक वर्षाचे असतात. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय चाचणी होते व उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते.

हे शिक्षण मंदबुद्धीच्या मुलांसाठी असते, हा भ्रम एकदा कार्यशाळेत पाऊल टाकले की दूर होतो. जोडाऱ्याला यंत्राचे रेखाचित्र वाचावे लागते, मायक्रोमीटरने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घ्यावे लागते आणि कानस चालविताना हात व डोळा एकाच वेळी जागे ठेवावे लागतात. कातारीकामात निमुळता भाग कापावयाचा, तर त्रिकोणमिती लागते. ज्याने गणित टाळण्यासाठी हा मार्ग धरला, त्याची येथे निराशाच होईल.

सर्वच संस्था सारख्या नाहीत, हेही सांगणे आवश्यक आहे. कोठे यंत्रे जुनी असतात, कोठे निदेशकांच्या जागा रिकाम्या असतात. प्रवेशापूर्वी पालकांनी संस्थेत जाऊन विद्यार्थी प्रत्यक्ष यंत्रावर काम करतात की नुसते पाहतात, हे स्वतः बघावे.

परतीची व पुढची वाट

पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय जन्मभर पुरेल, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. म्हणून प्रत्येक मार्गाविषयी एक प्रश्न अवश्य विचारावा: तेथून पुढे जाण्याचे दार उघडे आहे काय? दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो व पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व त्यासारखी इतर विद्यापीठे यांमुळे नोकरी सांभाळून पदवी घेणेही शक्य झाले आहे. या वाटा फार थोड्या पालकांना ठाऊक असतात. परिणामी व्यवसायशिक्षण म्हणजे शिक्षणाचा शेवट, असे ते धरून चालतात.

सल्ला देण्याची रीत

मुलाला ‘तुला काय व्हायचे आहे?’ एवढेच विचारून भागत नाही. त्याने पाहिलेच नसेल, ते तो सांगणार कसे? त्याला एक दिवस कार्यशाळेत व एक दिवस महाविद्यालयात घेऊन जावे. पाच वर्षे व्यवसायात घालवलेल्या कारागिराशी आणि पदवी घेऊन पाच वर्षे झालेल्या तरुणाशी त्याची गाठ घालून द्यावी. मिळकत किती, काम वर्षभर मिळते काय, पाठ व डोळे पन्नाशीपर्यंत साथ देतील काय, हे प्रश्न त्याने स्वतः विचारावेत. त्यानंतर घरातील माणसांनी त्याच्यासमक्ष हिशेब मांडावा: शुल्क, वसतिगृह, प्रवास आणि शिकण्याच्या काळात बुडणारी मिळकत.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब बहुधा मांडलाच जात नाही. घरातील बिघडलेला पंखा उघडून दुरुस्त करणाऱ्या मुलीलाही शिवणकाम सुचविले जाते, किंवा लग्न ठरेपर्यंत जवळच्या महाविद्यालयात नाव घालून ठेवले जाते. वीजतंत्री वा आरेखक होण्याचा मार्ग तिलाही मोकळा आहे, हे कोणीतरी तिला सांगितले पाहिजे.

एवढे झाल्यावर निर्णय मुलावर सोपवावा व तो मानावा. पुढे त्याला आपली निवड चुकल्याचे वाटले, तर त्याने ते घरी येऊन निर्भयपणे सांगावे, इतका विश्वास त्याच्या ठायी असला पाहिजे. तो निर्माण करणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे आणि कोणत्याही विद्यालयाला ते त्यांच्या वतीने करता येत नाही.