वाढलेली किंमत कोणाची? पनवेल तालुक्याच्या जमिनीवरून एक पाठ

'भांडवलशाही' हा शब्द आता आपल्या खेड्यांतही येऊन पोहोचला आहे. परंतु त्याचा अर्थ विचारला, तर कोणी 'श्रीमंतांचे राज्य' असे म्हणतो, कोणी 'कारखाने' म्हणतो, आणि कोणी शिवी दिल्याप्रमाणे तो उच्चारतो. ज्या गोष्टीत आपण राहतो तिचे नाव अर्थ न समजता घेणे बरे नव्हे. म्हणून ह्या पाठात आम्ही तो विषय पनवेल तालुक्याच्या जमिनीवरून समजावून देण्याचा यत्न करीत आहो. उपदेशकांनी हा पाठ सायंकाळच्या वर्गात सावकाश वाचावा.

१. भांडवलशाही म्हणजे काय?

ज्या समाजात जमीन, यंत्रे व पैसा ही साधने बहुतांशी खासगी मालकीची असतात, बहुतेक माल बाजारात विकण्यासाठीच तयार होतो, ज्याच्याजवळ साधन नाही तो आपले श्रम विकून पोट भरतो, आणि मिळालेला नफा अधिक नफ्यासाठी पुन्हा गुंतविला जातो, त्या समाजाची व्यवस्था भांडवलशाही होय.

हिने काही चांगले केले नाही असे म्हणणे खोटे होईल. कापड स्वस्त झाले, प्रवास सोपा झाला. गावकुसाबाहेरच्या माणसाला मुंबईच्या गिरणीत रोख मजुरी मिळाली व गावकीच्या जाचातून तो काहीसा सुटला. परंतु त्याच गिरणीच्या विणकाम खात्यात स्पृश्य कामगारांनी त्याला बराच काळ शिरू दिले नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा पैशाने जुने सर्व अन्याय आपोआप धुऊन निघतात, असा भ्रम कोणी बाळगू नये.

२. जमीन कुळाची झाली

आमच्या ह्या जिल्ह्यास पूर्वी कुलाबा म्हणत. येथील भातशेती कसणारे कूळ राबे, आणि पिकाचा मोठा वाटा खोत व सावकार नेत. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी संप केला. तो सुमारे सहा वर्षे चालला. आसपासच्या गावांनी शेते पडीक ठेविली, लाकूडफाटा विकून दिवस काढिले, पण संप मोडू दिला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे १९३९ चा व १९४८ चा असे कूळकायदे झाले, आणि १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळाचा मालक होण्याचा हक्क मान्य झाला. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाचे नाव सातबाऱ्यावर लागले.

३. जमीन शहराची झाली

ह्यानंतर तेरा वर्षे लोटली. मुंबईत माणूस मावेना, म्हणून खाडीच्या पलीकडे नवे शहर वसवावे असे ठरले, आणि १९७० साली सिडको स्थापन झाली. पनवेल, उरण व ठाणे ह्या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन ह्या कामी घेण्याचे ठरले. ज्या बापाने मालकी मिळविली त्याच्याच मुलाच्या हाती संपादनाची नोटीस आली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण साऱ्या पाठाचे मर्म तीत आहे. नवे शहर उभारण्यास पैसा कोठून आणावयाचा? योजना अशी होती की, शेताच्या भावाने घेतलेली जमीन रस्ते, नळ व गटारे करून शहराच्या भावाने विकावी, आणि त्या फरकातून शहराचा खर्च भागवावा. ह्यात लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. शहर बांधण्याची ती एक विचारपूर्वक ठरविलेली रीत होती. परंतु शेतकऱ्याने विचारले, "जमीन तीच, माती तीच, मग वाढलेल्या किमतीत माझा वाटा कोठे आहे?"

हा प्रश्न दि. बा. पाटील ह्यांनी हाती घेतला. ते उरण तालुक्यातील जासईचे. शेतकरी कामगार पक्षाकडून पनवेलचे आमदार व पुढे खासदार झाले. १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखांस जासईच्या परिसरात आंदोलन चालू असता पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी प्राणास मुकले. त्यांचा मृत्यू व्यर्थ गेला नाही. पुढे १९९० च्या सुमारास असे धोरण ठरले की, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत द्यावी.

हिशेब करून पाहा. एका एकराचे गुंठे चाळीस. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग वजा होतो. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा इत्यादी दहा गावांस उठावे लागले, तेव्हा हा हिस्सा साडेबावीस टक्के, म्हणजे एकरी नऊ गुंठे ठरला. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पाचाचे नऊ झाले ते कोणाच्या दयेने झाले नाहीत. मागणाऱ्यांनी एकी सोडली नाही, म्हणून झाले.

४. मत कोणाचे घ्यावयाचे?

किमतीच्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न उभा आहे. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यात मालकास किमतीविषयी तक्रार करण्यास पुष्कळ वाव होता. परंतु 'मला द्यावयाचीच नाही' ह्या म्हणण्यास फारशी किंमत नव्हती. अहाब राजाने नाबोथास मळ्याचे मोल देऊ केले होते, त्याहून चांगला मळाही देऊ केला होता. भाव कमी होता म्हणून नाबोथ अडला नाही; वाडवडिलांचे वतन त्याला विकावयाचे नव्हते.

आमच्या जिल्ह्यात एकदा हा नकार कागदावर नोंदविला गेला. पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, ह्याविषयी २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. ते क्षेत्र पुढे उभे राहिले नाही. नंतर २०१३ च्या नव्या कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असल्यास बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती आवश्यक केली. १९८४ साली गोळी आली होती. २००८ साली मतपत्रिका आली. एवढी वाट चालण्यास २४ वर्षे लागली, हे विसरू नये.

५. पैसा घरी आल्यावर

आता आपल्या घराकडे पाहू. सरकारशी व कंपनीशी न्यायाने भांडणारा माणूस आपल्या बहिणीशी कसा वागतो? मोबदला येणार असे कळताच पुष्कळ घरांत बहिणींस माहेरी बोलावितात, साडीचोळी करितात, आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसल्यास, मुलगा व मुलगी ह्यांचा वाटा सारखा आहे. तेव्हा जो प्रश्न आपण सिडकोस विचारितो, तोच आपली बहीण आपणांस विचारील, तर काय उत्तर द्याल?

तसेच, परतीचा हिस्सा जमिनीच्या मापाने ठरला. ज्याच्या नावे सातबाराच नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतात लावणी करी, मिठागरात राबे किंवा खाडीत जाळे टाकी, त्याचा कामधंदाही त्याच जमिनीबरोबर गेला. परंतु त्याचे माप घेण्यास साखळी नव्हती. सभेत त्याच्या बाजूने बोलणारे थोडे.

आणि शेवटी हे की, शेत वर्षास एकदा पिकते, पण दरवर्षी पिकते. पैसा एकदाच येतो. मोटार, लग्नाचा मांडव व दारू ह्यांत तो गेला म्हणजे मालकाचा मुलगा आपल्याच जुन्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दाराशी पहारेकरी होतो. पहारा करणे हलके काम नव्हे. परंतु बापाच्या हातची निवड मुलाच्या हाती राहिली नाही, हे दुःख आहे.

६. सार

भांडवलाचा धर्म वाढण्याचा आहे. कोठे थांबावे व कोणास किती द्यावे हे ते स्वतः ठरवीत नाही. ते समाजाने कायद्याने व एकीने ठरवावे लागते. म्हणून प्रत्येक मंडळीने इतके तरी करावे: सातबारा व फेरफार वाचण्यास तरुणांस शिकवावे, ग्रामसभेस हजर राहावे, न वाचता कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये, आणि मोबदल्याचा काही भाग मुलामुलींच्या शिक्षणासाठी प्रथम बाजूस काढावा.

विचारासाठी प्रश्न

(१) शेताचा भाव व शहराचा भाव ह्यांतील फरक कशामुळे उत्पन्न होतो? त्यावर कोणाकोणाचा हक्क आहे?
(२) चरीच्या संपातील व १९८४ च्या आंदोलनातील मागण्यांत साम्य कोणते, भेद कोणता?
(३) आपल्या गावात जमीन नसलेली पण जमिनीवर जगणारी घरे किती आहेत? नावे घेऊन मोजा.
(४) आपल्या घरातील बहिणींचा वाटा त्यांस मिळाला आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर वर्गात न देता घरी द्यावे.